कांद्याची सालं

मंडईत वत्सलामावशी बघतच राहिली.
"नुसती सालं? कांदा नको?"
मग गोणपाटाच्या तळाशी हात घालून
ओंजळीवर ओंजळ पिशवीत टाकत म्हणाली,
"सालाचे पैसे घेतले तर
तराजू शाप देईल मला."

घरी पिशवी ओतली
आणि पंखा बंद करेपर्यंत
तांबूस पापुद्रे घरभर.
तबिताच्या केसांत दोन,
ओबेदच्या दुधात एक.

एस्तेर रात्रपाळीला, ससूनमध्ये.
दरवर्षी हे तीच करते. मी फक्त खातो.
फ्रिजवर तिची चिठ्ठी:
अंडी पांढरीच आण, गावरान नको.
थंड पाण्यात सोड, उकळत्यात नाही.
व्हिनेगर एक चमचा.
आणि अगदी खाली, बसची वेळ झाल्यासारखं,
मीठ विसरू नको.
कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
मी पातेल्यात मूठभर घातलं.

कोथिंबिरीचं एकेक पान
अंड्यावर चिकटवायचं, ओल्या बोटानं,
वरून शाळेचा जुना मोजा घट्ट बांधायचा.
मोज्याला कात्री लावली तर तबिता रडायला लागली,
दुसरा एकटा पडेल म्हणून.
मग दुसराही कापला.

दारात खालच्या जोगळेकरांची सावनी.
उंबऱ्याच्या बरोबर अलीकडे चपला,
बरोबर पलीकडे पाय.
"आमच्याकडे अंडं नसतं,"
आमच्याकडे लिफ्ट नाही म्हणावं
इतक्या साधेपणानं.
ओबेदनं तिला बटाटा दिला.
तिनं तो हळदीच्या पाण्यात बुडवला, काढला,
पुन्हा बुडवला.
मग माझ्याकडे न बघता,
"नुसता हात लावला तर?"
कुणाच्या घरचा नियम सांगावा, मला सुचेना.
तेवढ्यात तिचं बोट पोचलंही होतं.
"गरम आहे," ती म्हणाली.
"आत कुणी आहे का?"
तबिता म्हणाली, "होतं."
ओबेद म्हणाला, "नव्हतं, ही दुकानातली आहेत."
शनिवारची रात्र, शुक्रवार अजून अंगावर,
मी जाळ बारीक केला.

सावनी गेली तेव्हा तिचे तळवे पिवळेधमक.
आई विचारेल म्हणून घाबरली होती.
म्हटलं, हळद आहे गं.
हळदीला पुण्यात कोण काय म्हणतंय.
बटाटा तिनं फ्रॉकच्या खिशात घातला,
खिसा एका बाजूला झुकला,
जिन्यावरून ती तशीच
एका बाजूला झुकत उतरली.

एक अंडं तडकलं. ते मी लपवलं,
चाळणीत सगळ्यांच्या खाली.

सकाळी साडेसातला किल्ली फिरली.
एस्तेर चप्पल काढता काढता,
"उठला का रे?"
आणि अंथरुणातून दोघं एका सुरात,
देवळात ओरडतात तसं,
"खरोखर उठला आहे!"
ती भिंतीला टेकून हसली,
हसता हसता बसली.
मोजे सोडले एकेक.
खाली रंग असा, की
जुन्या वहीच्या कव्हराचा असतो तसा,
आणि मधोमध पान,
पांढरं, शिरांसकट.
जिथं ते टेकलं होतं
तिथं रात्रभर काहीच पोचलं नव्हतं.

मुलं तोंड धुवायला पळाली.
मग ती हळू म्हणाली,
"अकरा नंबरच्या आजी गेल्या. पहाटे."
चाळणीत हात घालून तिनं
नेमकं तेच उचललं, तडकलेलं.
अंगठ्यानं सोललं.
आत कांद्याचा रंग शिरला होता,
पांढऱ्यावर बारीक तपकिरी रेघा,
नकाशातल्या नद्यांसारख्या, नाव नसलेल्या.
अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं.

"मीठ कुठंय?"

पातेल्याकडे बघितलं मी.
तिनं माझ्याकडे.
पंचहौदाची घंटा सुरू झाली,
नऊच्या उपासनेला अजून तास होता,
आणि आम्ही ते तसंच खाल्लं,
अळणी.